पाण्याखालचा बांध

आमचं रान वर्षातले आठ महिने पाण्याखाली असतं, पण त्याच्या बांधावरून भांडण बारा महिने चालतं. भांडण माझं आणि माझ्या चुलत दिराचं. ऐकणारे हसतात. हसू देत. ज्यांची रानं कोरडी आहेत त्यांनी आपापले बांध सांभाळावेत, आमच्या ओल्या बांधाची काळजी करू नये.

वेल्ह्याच्या अंगाला, डोंगराच्या बेचक्यात आमचं हे मातीचं धरण आहे. धरण म्हटलं की लोकांना सिमेंटची उभी भिंत दिसते. आमची तशी नाही. आमची लांबलचक आडवी टेकडीच आहे, पाण्याच्या बाजूला दगड बसवलेले, पलीकडच्या उताराला गवत. आणि ती टेकडी आली कुठून? आमच्याच शिवारातून. आधी मशिनी आल्या, नदीकाठच्या भाताच्या खाचरांतली माती डंपरनं भरून नेली, भिंतीवर टाकली, वरून रोलर फिरवला. मग त्या भिंतीनं पाणी अडवलं आणि ते पाणी आमच्या उरलेल्या रानांवर येऊन बसलं. म्हणजे आमच्याच मातीनं आम्हाला बुडवलं. कुणी मला धरणाचे फायदे सांगायला लागला की मी त्याला हे ऐकवते. फायदे मला माहीत आहेत. खाली उसाला पाणी जातं, जाऊ दे, कुणाचं पीक वाळावं असं मी कधी म्हटलं नाही. पण भिंतीतली माती आमची आहे, एवढं एकदा तोंडानं म्हणा की. जीभ झडते का?

त्यात मी माहेरची भाटघरची. तिथं जुनं धरण, आणि आमच्या पणज्याचं रान त्या पाण्यात. माझं लग्न ठरलं तेव्हा आबा, माझे वडील, गावभर सांगत सुटले होते, "ह्या खेपेला पोरगी कोरड्यात देतोय." घ्या! अंगाची हळद निघाली नव्हती तोवर सासरी मोजणीवाले दगड रोवायला हजर. धरणाची लेक धरणातच पडली. आबांच्या मनाला ते फार लागलं. मी मात्र माहेरी गेले की त्यांना चिडवायची, "आबा, पवायला शिकवून लगीन लावायचं होतं की!" ते हसायचे आणि हसता हसता उठून बाहेर जायचे.

पाणी चढलं तेव्हा गावातली निम्मी घरं खाली सपाटीला गेली, बदलीच्या जमिनीवर. आम्ही थोडी घरं वर सरकलो. सासूबाई म्हणाल्या, "पानी आलं तर चार पावलं वर सरकू. गाव सोडाया आपल्याला काय येडं कुत्रं चावलंय?" तसे आम्ही सरकलो आणि डोंगराला चिकटून राहिलो. अजून आहोत.

होळी झाली की पाणी खाली उतरायला लागतं. खालून कालव्याला सोडतात, वरून ऊन पितं. मग काठाकाठानं जुनी रानं उघडी पडतात. त्यावर गाळाचा थर, आणि ओल अशी की नांगर लागत नाही. बोटानं भोक पाडावं, बी टाकावं, पायानं माती लोटावी, की झालं. याला गाळपेर म्हणतात. कुणी काकडी लावतं, कुणी गुरांना मका. पाणी परत चढायच्या आत जे हाताला येईल ते आपलं.

पहिल्या गाळपेरीला सगळ्यांची एकच पंचाईत झाली. कुणाचं रान कुठं, ते कळेना! बांध गाळात बुजलेले, वरची माती मशिनीनं नेलेली, घरं नाहीत, वाटा नाहीत. आमच्या दोघांच्या रानांच्या मधोमध, बांधाच्या अगदी वरच्या टोकाला, एक उंबर होता. उंबराच्या एका अंगाला आमचं, दुसऱ्या अंगाला दिराचं. त्या उन्हाळ्यात गाळातून एक काळं पडलेलं खोड वर आलं. भाऊजी म्हणाले, "हाच उंबर." मी म्हटलं, "व्हय, हाच." उभ्या जन्मात आमचं दोघांचं एकमत झालं ते तेवढ्या एका गोष्टीवर. आणि तीच नेमकी चुकीची होती, पण ते पुढं.

खोड सापडलं आणि भांडण सुरू झालं. मी म्हणायची, बांध खोडापासून डोंगराच्या नाकाच्या रोखानं जातो. भाऊजी म्हणायचे, न्हाई, खिंडीच्या रोखानं. मधे उरायची एक पट्टी, चार म्हशी बसतील एवढी. त्या पट्टीसाठी आम्ही एकमेकांचा उद्धार करायचो. मी लावलेली काकडी ते उपटायचे, त्यांचा मका माझी म्हैस खायची. म्हैस आपोआप तिकडं जायची, मी काही हाकलत नव्हते. आमचे मालक म्हणजे भांडणाचा आवाज आला की गुरांना पाणी दाखवायला निघून जाणारा माणूस. दिवसातून चारदा गुरं पाणी प्यायची.

आमच्याकडं बांधाचा तंटा मिटेना झाला की जुना रिवाज आहे. जो म्हणतो बांध इथूनच जातो, त्यानं पायातलं काढायचं, रानातलं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि बांधावरून चालत जायचं. खोटं चाललं तर माती बघून घेते. आणि ढेकूळवाल्याला कुणी अडवायचं नाही. वाटेत काही असेल तर ज्याचं असेल त्यानं मुकाट्यानं उचलायचं. एका उन्हाळ्यात मी चालले, डोंगराच्या नाकाच्या रोखानं, चार बायकांदेखत. पुढच्या उन्हाळ्यात भाऊजी चालले, खिंडीच्या रोखानं. मातीनं काय बघितलं देव जाणे, दोघांपैकी कुणाला साधी शिंकसुद्धा आली नाही. त्यामुळं भांडण जागच्या जागी राहिलं, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही त्याची सवय लागली.

गेल्या उन्हाळ्यात टेंटवाला आला. हल्ली आमच्या पाण्याच्या काठानं पुण्याची माणसं राहायला येतात. रंगीत टेंट, शेकोटी, मोठ्यानं गाणी. एका बाईनं मला विचारलं होतं, "मावशी, हा लेक नॅचरल आहे का हो?" म्या म्हटलं, "व्हय बाई, आमच्या घरावर आपोआप साचलं." तिनं माझा फोटो काढला.

टेंटवाल्याला आमची ती काठाची जागा पसंत पडली. समोर पाणी, पाण्यापलीकडं डोंगर, जागा सपाट. त्यानं भाऊजींना गाठलं, आणि भाऊजी हो म्हणाले. मला कळलं ते कसं, तर सकाळी खुरपायला खाली उतरले आणि माझ्या मक्याला खेटून तीन टेंट उभे. आमच्या पट्टीवर! दोऱ्या ताणलेल्या, खुंट्या ठोकलेल्या, पाण्याकडं एक बोर्ड लावलेला, "पाण्यात उतरण्यास मनाई". टेंटवाला गोड बोलला. म्हणाला, "ताई, पुढच्या सीझनला मुरूम टाकून सगळं लेव्हल करणार. तुमची काकडी पण घेत जाऊ आम्ही, सॅलडला." मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तरातरा भाऊजींच्या दारात गेले.

"भाऊजी, एवढी वर्सं वीतवीत रानासाटी माज्याशी भांडलात. आन आता सगळंच दिलंत?"

ते दाढी करत होते. आरशातूनच बोलले, "वैनी, रान बुडालं. कवाचं बुडालं. आपुन दोगंच येडी. आता जरा सुखाचं काय मिळत असंल तर तुमच्या पोटात का दुखतंय?"

"रान बुडालं न्हाई. रानावर पानी हाय."

"त्यात काय फरक?"

"फरक कळत न्हाई तर कशाला भांडत हुता माज्याशी?"

त्यांनी वस्तरा पुन्हा गालाला लावला. मी घरी आले आणि रडले. रागानं रडले. टेंटचा राग नव्हता एवढा. भांडणारा माणूस परवडतो हो, तो आपल्यासारखाच मातीला धरून असतो. हा तर सोडूनच मोकळा झाला. मुरूम पडला की गाळपेर संपली. आणि एकदा पेरायचं सुटलं की मग आम्ही इथले कोण? डोंगराला चिकटलेले चार उपरे. पाव्हण्यांना चहा करून देणारे. मालकांना म्हटलं, मी खुंट्या उपटते. ते म्हणाले, "उपट, पन मग पोलीस आलं तर काय सांगशील? सात-बारा हाय का तुज्याकडं?" ते बरोबरच होतं. कागदावर ते रान माझं नव्हतं, भाऊजींचं नव्हतं आणि टेंटवाल्याचंही नव्हतं. कागदावर ते सरकारचं होतं. त्यामुळं मी काय करायचं ते केलं. टेंटच्या दोऱ्यांच्या मधोमध, जिथं जिथं वीतभर माती दिसेल तिथं काकडीचं बी टोचलं. पाव्हणे पाय अडकून पडायचे. मी वरून बघायची.

त्या उन्हाळ्यात पाणी कधी नव्हे एवढं खाली गेलं. रोज काठ दूर पळत होता. एक दिवस मी मक्याच्या खाली, नव्यानं उघड्या पडलेल्या गाळात गेले, तर गाळातून दगडांचं एक गोल तोंड वर आलेलं. विहीर. काठाच्या एका दगडावर दोरानं पडलेल्या खाचा. मी हात लावला. या खाचा मला माहीत होत्या. नवी नवरी होते तेव्हा याच दगडावर पाय देऊन पाणी शेंदलं होतं मी.

आमच्या रानात विहीर नव्हती. विहीर होती काकींच्या रानात. काकी म्हणजे आमच्या वरच्या अंगाच्या शेजारीण, पाणी चढल्यावर सपाटीला गेलेल्या. त्यांच्या विहिरीच्या वर एक आंबा होता. मी मान वर करून त्या काळ्या खोडाकडं बघितलं. अगं बया! म्हणजे ते खोड आंब्याचं! उंबराचं नव्हेच. इतक्या वर्षांत कुजलेलं खोड ते, आंब्याचं काय नि उंबराचं काय, कोण ओळखणार? इतके उन्हाळे आम्ही दोघं काकींच्या रानात बांधासाठी भांडत होतो. डोक्यावर ढेकूळ घेऊन शपथेनं चाललो होतो, तेही काकींच्या रानात. आणि आमचं रान? ते विहिरीच्या खालच्या अंगाला. अजून पाण्यातच. ते एकदाही वर आलं नव्हतं.

मी तिथंच गाळात बसले. आधी हसू फुटलं, मग ओंजळीत गाळ घेतला. एवढी वर्षं मी ज्या मातीला माझी म्हणून हात लावला, ती माझी नव्हती. माझी माती पाणी चढलं त्या दिवसापासून मला दिसलीच नव्हती.

मालक आले, भाऊजी आले. दोघांनी विहीर बघितली आणि दोघांनाही कळलं. भाऊजी इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "वैनी, गप ऱ्हावा. कुनाला काय कळतंय?" मालक म्हणाले, "गुरं सोडून येतो."

मी घरी जाऊन काकींच्या घरचा मोबाईल लावला. पुण्य पदरात पडावं म्हणून नाही लावला, खोटं कशाला सांगू? मला टेंट हटवायचा होता आणि माझ्या बांधात आता दम राहिला नव्हता. ज्यांचं रान, त्यांनाच आणायचं होतं.

"काकी, तुमची हीर निगाली."

काकी म्हणाल्या, "पानी हाय का तिच्यात?"

"हाय. काठोकाठ."

"आंब्याचं काय?"

"खोड हाय."

"येते," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

काकी आल्या त्या एकट्या, एसटीनं नसरापूरपर्यंत, तिथून मालकांनी शेअर रिक्षात बसवून आणलं. ऐंशीच्या घरातलं माणूस, पाठीत वाकलेलं, पण डोळे तसेच, समोरच्याला सोलून काढणारे. चहा नको म्हणाल्या. सरळ खाली उतरल्या. विहिरीच्या काठावर बसून खाचांमधून बोट फिरवलं. मी विचारलं, तिकडं बरं आहे ना? म्हणाल्या, "समदं हाय. ऊस हाय, लाईट हाय. मान वर केली की डोंगुर तेवडा न्हाई." मग माझ्या काकडीकडं वळल्या. "ही तू लावलीस? माज्या रानात?" म्या म्हटलं, "चूक झाली, काकी. आमाला आमचं वाटलं." म्हणाल्या, "लावलीस ती लावलीस, पन एवडी दाट? सासूनं कायच शिकवलं न्हाई का?"

मग त्यांनी टेंट बघितले. "आन ही घोंगडी कुनी वाळत घातली?"

भाऊजी पुढं आले, खाली मान घालून सांगितलं. काकींनी सगळं ऐकून घेतलं. चपला काढून खोडाशी ठेवल्या. पदर कमरेला खोचला. वाकून तिथलंच गाळाचं एक वाळलेलं ढेकूळ उचललं आणि डोक्यावर ठेवलं.

त्या खोडापासून निघाल्या. ना डोंगराच्या नाकाच्या रोखानं, ना खिंडीच्या. सरळ उताराला, पाण्याकडं. टेंट नेमके वाटेत. टेंटवाला धावत आला, "आजी, आजी, एक मिनिट, इथून नाही जाता येणार," आणि हात पसरून उभा राहिला. काकी थांबल्या नाहीत. तेव्हा भाऊजींनी त्याचा दंड धरला आणि त्याला बाजूला ओढला. "सायब, बाजूला व्हा. ढेकूळ हाय डोस्क्यावर." आणि खाली बसून स्वतःच्या हातानं खुंट्या उपटायला लागले. पहिला टेंट गपकन खाली बसला. मग दुसरा. काकी त्या कापडांच्या मधून चालत गेल्या, विहीर उजव्या हाताला ठेवली, आणि "पाण्यात उतरण्यास मनाई" लिहिलेल्या बोर्डाला खेटून पाण्यात उतरल्या.

"काकी, थांबा!" मी मागं धावले. बाजूला पाय पडला तो मांडीपर्यंत गाळात गेला. काकी ओरडल्या, "माज्या मागनं ये. बांदावरनं ये." मी त्यांच्या मागं पाय टाकला आणि पायाखाली दगड लागला. लावलेले, एकाला एक बसवलेले दगड. एवढ्या वर्षांत हललेले नव्हते. काकींच्या कमरेपर्यंत पाणी आलं, तशा त्या थांबल्या. पायानं पाण्यात काहीतरी चाचपलं.

"हितं माजं सपलं," म्हणाल्या. "म्होरं तुमचं. ह्यो बग तुजा उंबर."

मी पाय पुढं केला. अंगठा ठेचकाळला. पाण्याखाली जाड, बुळबुळीत खोड होतं. मी दोन्ही पायांनी त्याच्याभोवती चाचपून बघितलं. मोठं होतं, आंब्यापेक्षा मोठं. या उंबराखाली माझ्या सासूबाई न्याहारीला बसायच्या. मी पाण्यात उभी राहून मोठ्यानं रडले आणि मला कुणाचीही लाज वाटली नाही.

काकींनी आपल्या डोक्यावरचं ढेकूळ उचललं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं. "रडतीस काय? चाल."

मी चालले. बांध उंबरापासून पुढं तसाच सरळ गेलेला, पायाला कळत होता. पाणी कमरेला आलं, मग पोटाला. ढेकूळ ओलं होऊन कपाळावरून ओघळायला लागलं. डाव्या अंगाला माझं रान होतं, तिथं खाली, काळ्या पाण्यात. आज ना उद्या पाणी उतरेल, नाही उतरलं तरी ते कुठं जात नाही. कुणी वरच्या पाण्याला लेक म्हणा, कुणी कागदावर काहीही लिहा.

तेवढ्यात काठावरून भाऊजींची बोंब आली.

"वैनी! उजव्या अंगाला सरकू नगा! तितं माजं हाय!"

माझा जीव असा निवला म्हणून सांगू. मी तशीच ओरडले, "तुमचं हाय तर या की! काठावनं काय बोंबलताय? ढेकूळ घ्या डोस्क्यावर!"

मागं पाण्यात कुणीतरी धपकन उतरल्याचा आवाज झाला, आणि काकींचं हसणं ऐकू आलं. मी वळून बघितलं नाही. डोक्यावर ढेकूळ होतं.